करंजाच्या तेलाचे दोन थेंब

पिंपरी, सोमवार, १० सप्टेंबर १९५६

आज आम्ही दोघं नव्या घरात आलो. कारखान्याच्या वसाहतीतल्या शेवटच्या ओळीतला हा क्वार्टर. दोन खोल्या, मागे मोरी आणि मोरीत नळ. गवराने आल्या आल्या तो नळ चार वेळा सोडला आणि चार वेळा बंद केला. मग म्हणाली, पंचवीस वर्सं हिरीनं मला राबवलं, आता ह्याला मी राबवती. चाकणच्या पलीकडच्या आमच्या गावातून निघताना ती पदर डोळ्याला लावून बसली होती. नळ पाहिल्यावर सगळं विसरली. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मला नोकरी लागली, हे तिला अजून खरं वाटत नाही. मलाही वाटत नाही. पांडुरंगाची तसबीर आधी भिंतीवर लावली, मग बाकीचं सामान सोडलं.

शेजारी रहिमानभाई राहतात. कारखान्याच्या ट्रकांचे मेकॅनिक. माझी हत्यारांची पेटी त्यांनी एका बाजूने धरली आणि विचारलं की धर्माजीभाऊ, ह्यात रंधे आहेत की गावची वेस उचलून आणलीत? त्यांच्या बायकोने, ताजुन्निसाने, चहा पाठवला. दोन्ही घरांत भिंत एकच आहे. इकडे भांडं पडलं तरी तिकडे कळतं, आता चोरून भांडायचं असेल तर नदीवर जा, असं तिने गवराला सांगून ठेवलं.

माझं काम दारं, खिडक्या आणि कपाटं नीट ठेवण्याचं. ओव्हरसिअर रंगराव म्हणाले की तक्रार बहुतेक एकच असते. पावसाळ्यात कपाटांची दारं कुरकुरतात आणि बायामाणसांना दुपारी डोळा लागत नाही.

आमच्या पुढच्या खोलीतही भिंतीत बसवलेलं कपाट आहे, जमिनीपासून डोक्याएवढं उंच, दोन झडपांचं. गवराने ते उघडलं तर एवढी लांब कुरकुर निघाली की ती दचकली आणि मग हसत सुटली. म्हणाली, घरात म्हातारं मानूस हाय म्हना की.

गुरुवार, १३ सप्टेंबर

चार दिवसांत अठरा घरं झाली. काम साधं आहे, पण घाई केली तर बिघडतं. लोक कुरकुर ऐकली की वरून खोबरेल ओततात. त्याने दोन दिवस बरं वाटतं, मग धूळ चिकटते आणि दार पुन्हा ओरडतं. मी बिजागरीतली सळई ठोकून बाहेर काढतो, घासलेटाने पुसतो, गंज खरवडतो. मग करंजाचं तेल. वर एक थेंब, खाली एक थेंब, जास्त नाही.

वडिलांनी शिकवलं तसंच मी करतो. तेल घातल्यावर दार सात वेळा हलवायचं. सहा वेळा उघडझाप करायची. सातव्या वेळी लावायचं आणि हात तसाच दाबून ठेवायचा, लोखंडाला तेल पिऊ द्यायचं. तेलाची पितळी बुधलीही त्यांचीच आहे. तिची चोच एका बाजूला जरा वाकलेली आहे. साहेबांकडच्या एका बाईंनी विचारलं की मिस्त्री, दाराला नमस्कार करता का? मी एवढा वेळ हात ठेवून उभा होतो म्हणून. मी हसलो. काम करताना नाम घेत असतो, ते त्यांना कसं सांगणार?

रविवार, १६ सप्टेंबर

आज सुट्टी. सकाळी देहूला जाऊन दर्शन घेतलं. परत आल्यावर घरचं कपाट करायला घेतलं. सबंध वसाहतीची कुरकुर बंद करणाऱ्याच्या घरात ती राहिली तर रहिमानभाई मला सोडणार नाहीत.

वरच्या बिजागरीचे स्क्रू काढले, लोखंड बाजूला केलं, आणि हात थांबला. खाली लाकडात पटाशीने पाडलेल्या तीन खाचा होत्या. दोन उभ्या आणि मध्ये एक आडवी. ही माझ्या वडिलांची खूण. ते प्रत्येक दाराच्या वरच्या बिजागरीखाली ती पाडत. वर लोखंड बसलं की माणसाला दिसत नाही, देवाला दिसते, असं म्हणत.

मी गवराला हाक मारून दाखवलं. डोळे भरून आले. वडील जाऊन अठरा वर्षं झाली आणि त्यांच्या हातचं दार माझ्या घरात माझ्याआधी येऊन उभं होतं. रंगरावांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, कंत्राटदाराने तुमच्याच बाजूच्या पाडलेल्या घरांचं जुनं सागवान घेतलं होतं, नव्यापेक्षा सरस म्हणून. नवल नाही. वडिलांनी वीस गावांत दारं केली.

तेल घातलं. सात वेळा हलवलं. आवाज गेला, श्वासाएवढासुद्धा राहिला नाही.

गवराला मात्र ते फारसं रुचलं नाही. म्हणाली, तुम्ही कामावर गेल्यावर तेवढीच सोबत व्हती. ताजुन्निसानेही संध्याकाळी विचारलं की तुमचं कपाट आज गप्प का?

बुधवार, १९ सप्टेंबर

बाराचा भोंगा झाला की मी जेवायला घरी येतो. आज कपाट सताड उघडं होतं. गवरा मागे भाकरी थापत होती. मी म्हटलं, उघडं टाकू नये, उंदीर शिरतात. ती म्हणाली की मी न्हाई उघडलं, कडी लावली व्हती. कडी सैल असेल म्हणून बदलली.

कालही उघडं होतं म्हणे, तिने सांगितलं नव्हतं. भोंगा झाला की उघडतं, असं ती म्हणाली. पूर्वी वाजायचं तरी, आता पाठ फिरवली की नुसतं उघडलेलं दिसतं.

शनिवार, २२ सप्टेंबर

आज वडिलांची तिथी. गवराने सगळं सोवळ्याने केलं. पान वाढताना तिने विचारलं की आणखी कुणाकुणाच्या नावाने घास ठेवायचा. मी आजोबा, आजी, आई आणि धाकटा भाऊ अशी नावं सांगितली. एक नाव सांगितलं नाही. मुद्दाम गाळलं असं नाही. आमच्या घरात ते नाव कधी घेतलंच गेलं नाही, त्यामुळे जिभेला सवय नाही.

पान बाहेर ठेवलं. कावळा शिवेना. भोंगा झाला, एक वाजला, तरी शिवेना. गवरा रडकुंडीला आली. शेवटी मी गाईला घातलं.

आत आलो तर कपाट उघडं. उजव्या झडपेवर कमरेएवढ्या उंचीवर लाकडाची गाठ निसटून भोक पडलेलं होतं. कंत्राटदाराच्या माणसांनी ते लांबीने, म्हणजे खडू-तेलाच्या लगद्याने, बुजवून वरून रंग दिला होता. लांबीची ती बोटाएवढी गुठळी जमिनीवर पडली होती, कपाटाच्या बाहेर. कुणी आतून ढकलावी तशी.

मी त्या भोकाकडे बराच वेळ पाहत राहिलो. हे दार कोणत्या घरचं ते मला कळलं.

रविवार, २३ सप्टेंबर

देहूला गेलो नाही. हे कागदावर उतरवलं तरच मला आज जेवण जाईल.

१९१८ साल. गावात प्लेग आला. मी दहा वर्षांचा, माझी बहीण ठकू सहाची. उंदीर पडू लागले तसं गावाने घरं सोडली आणि माळावर झोपड्या घातल्या. गाठीचं माणूस बरोबर असेल त्याला माळावर थारा नव्हता. ठकूला ताप होता. काखेत गाठ आली होती.

आई धाकट्याला घेऊन आधीच माळावर गेली होती. वडिलांनी तिला सांगितलं की ठकू पहाटे गेली. ठकू गेली नव्हती. आतल्या खोलीत गोधडीवर निजली होती. त्या खोलीचं दार वडिलांनीच केलेलं, आणि ते फार कुरकुरायचं. भर बाराच्या उन्हात, गावात चिटपाखरू नसताना, वडिलांनी माझ्या हातात बुधली दिली. वर एक थेंब, खाली एक थेंब. आम्ही निघाल्याचं तिला कळू नये म्हणून.

पण ती जागी होती. दादा, कुठं चाललास, असं तिने विचारलं. वडील माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, तू झोप. मी आत्ता येतो.

वडिलांनी दार सात वेळा हलवलं. सातव्यांदा लावून हात दाबून उभे राहिले. भोकातून तिची करंगळी बाहेर आली. मला चिडवायला ती नेहमी अशी काढायची. मी ती पकडायची आणि तिने हसायचं, असा आमचा खेळ होता. मी ती पकडली नाही.

तीन महिन्यांनी गाव परत आलं तेव्हा वडील एकटेच आधी घरात गेले. त्यांनी काय केलं ते कुणी विचारलं नाही. पुढे ते घर त्यांनी विकलं. ती कोणत्या दिवशी गेली हे कुणालाच माहीत नाही. म्हणून तिला तिथी नाही. म्हणून तिचं पान नाही. आई मरेपर्यंत समजत होती की ती पहाटेच गेली. वडील गेले. आता हे मला एकट्याला माहीत आहे.

आणि मीच त्या दाराला पुन्हा त्याच बुधलीतलं तेल घातलं.

बुधवार, २६ सप्टेंबर

गवराला परवापासून ताप आहे. ताजुन्निसा येऊन कपाळावर पट्ट्या ठेवते.

आज चार घरांतल्या लोकांनी माझे आभार मानले. कपाटं गप्प केलीत, छान काम झालं म्हणाले. त्यातल्या तीन घरांत मी अजून गेलेलोच नाही. रंगरावांनी पाठ थोपटली. तक्रारीची वही कोरी पडली, मिस्त्री, तुम्ही माझी नोकरी घालवणार, असं म्हणून मोठ्याने हसले.

संध्याकाळी मुद्दाम ओळीतून चालत आलो. दारं उघडत होती, मिटत होती. एकाचाही आवाज नव्हता. रहिमानभाईंची जुनी सायकल गल्लीच्या टोकापासून ओरडत यायची. आज ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली तरी मला कळलं नाही.

आमच्या खाटेची वीणही करकरत नाही. गवरा कूस बदलते आणि समजत नाही.

शुक्रवार, २८ सप्टेंबर

वसाहतीचे डॉक्टर येऊन गेले. गवराच्या काखेत गाठ आली आहे. डॉक्टर म्हणाले की घाबरू नका, तो आजार आता राहिला नाही, बोटाला काटाबिटा लागला असेल. सुई दिली. ताप तसाच.

मी कपाटाच्या बिजागऱ्या पुन्हा सोडवल्या. घासलेटाने धुतल्या, चुलीतली राख चोळली, मिठाच्या पाण्यात बुडवून, दोन दिवस बाहेर टाकून मुद्दाम गंजवलेल्या जुन्या सळया घातल्या. आयुष्यभर कुरकुर घालवली, आज ती आणायला बसलो. निदान ते उघडतं कधी एवढं तरी कळावं. दार हलवून पाहिलं. गंज लोखंडावर घासत होता, माझ्या हाताला खरखर लागत होती. आवाज नाही.

बुधली शोधली. पेटीत ठेवली होती. कपाटाच्या खालच्या फळीवर मिळाली.

रविवार, ३० सप्टेंबर

गवरा तापात बोलते. मी पाणी पाजायला गेलो तर म्हणाली, दादा, बाहेर ऊन हाय का?

पंचवीस वर्षांत तिने मला "अवं" शिवाय हाक मारलेली नाही.

ताजुन्निसा तिथेच होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग तोंडावर ओढणी धरली. बाहेर आल्यावर म्हणाली की धर्माजीभाऊ, तिचा आवाज लहान झालाय. आणि हे पण सांगते, आमच्या बाजूने भिंतीला कान लावला की कपाटातून कुणी तरी निजल्यासारखा श्वास येतो. मी पंधरा दिवस ऐकते. तुमचं कपाट गप्प झालं त्या दिवसापासून.

मंगळवार, २ ऑक्टोबर

दोन्ही झडपा काढल्या. अंगणात नेल्या. जाळणार होतो. काडी ओढली.

भोकावर उजेड पडला आणि मला वाटलं — नाही. जाळवलं नाही. पुन्हा तेच केल्यासारखं झालं असतं.

पाणी प्यायला आत गेलो. तेवढ्यात बाराचा भोंगा झाला. बाहेर आलो तर अंगण रिकामं. झडपा आपल्या जागी. स्क्रू पुरे बसलेले. करंजाचा वास, ओला.

गवराने आतून विचारलं, दादा, कुठं चाललास?

बुधवार, ३ ऑक्टोबर

गवराला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. रहिमानभाई साहेबांना विचारून उद्या दुपारच्या आधी ट्रक आणणार. आज तिला खाटेवरून उचलून पाहिलं तर उंबऱ्यापाशी तिला आकडी आली. मला ठेवून जाऊ नगा, असं ओरडत होती. आम्ही तिलाच नेत होतो.

पुन्हा आत आणलं तेव्हा निवली.

ते कपाट तिला सोडणार नाही. तिचा ह्यात काय दोष? तिने तर त्या कुरकुरीला सोबत म्हटलं होतं.

ठकूला गवरा नको. ठकूला मी हवा. मी आत्ता येतो म्हणालो होतो. अडतीस वर्षं झाली.

उद्या सर्वपित्री अमावस्या. ज्यांना तिथी नाही त्यांचा दिवस.

गुरुवार, ४ ऑक्टोबर. सकाळी

कपाटातल्या फळ्या काढल्या. आत एक माणूस गुडघे जवळ घेऊन बसेल एवढी जागा झाली.

स्वतः स्वयंपाक केला. भात, वरण, थोडी खीर. ठकूला खीर आवडायची. पान वाढलं आणि नाव घेतलं. मोठ्याने घेतलं. कावळा लगेच आला.

ठकूला म्हणालो, गवराला जाऊ दे. मी येतो.

साडेअकरा

ट्रक आला. गवराला उचलली. उंबरा ओलांडला. ओरडली नाही.

मी मागून बसने येतो असं रहिमानभाईंना सांगितलं. ते रागावले. बायको अशी आणि तुमचं काय राहिलंय घरात, असं म्हणाले. मी म्हटलं, एक काम राहिलंय, जुनं.

ताजुन्निसा गवराचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मग तिने वाकून मला हाक मारली. ताप उतरतोय, म्हणाली, अंगाला घाम सुटलाय. गवराने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं.

अवं, म्हणाली. अवं, तुम्ही न्हाई येत?

अवं म्हणाली.

पांडुरंगा.

बारा

भोंगा झाला.

आत बसलो आहे. वही गुडघ्यावर. दार मी थोडं उघडं ठेवलं आहे, भोकातूनही उजेड येतो. लिहायला पुरतो.

ठकू, मी आलो.

आत कुणी नाही. हात फिरवून पाहिला. लाकूड, भिंत. श्वास नाही. मी एकटाच आहे.

करंजाचा वास —

बाहेर पावलं. लहान. अनवाणी. मोरीकडून नाही, दाराकडून नाही. इथूनच, कपाटासमोरून.

भोकातून करंगळी आत आली आहे. मी पकडली. या वेळी पकडली. गार आहे. ती हसली.

करंगळी गेली.

दार हलतं आहे. आवाज नाही. उजेड जातो, येतो. एक.

मी ढकललं नाही. तिला हलवू दे. दोन.

तीन. हे तिला कुणी शिकवलं? आतून मोजलं असेल. तेव्हा. निजून —

चार.

ठकू, तू आत ये. मी तुझ्यासाठी आलो आहे. हाक मारली. माझा आवाज मलाच आला नाही.

पाच. ती बोलते आहे. तोंड भोकापाशी. दादा, तू झोप

मी आत्ता येते

सहा. ठकू, दाराला हात ठेवू नकोस, सातव्यांदा लावलं की हात —